पेटीचा नारळ

आमच्या गावात काहीही न करणाऱ्या घरांना मोठा मान आहे. हे मी चिडून लिहीत नाही. म्हणजे चिडलेला आहेच, पण लिहितो ते खरं आहे. जत्रेच्या संध्याकाळी पालखी निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालतात, जमलेला गाव दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो, आणि मग एकेका घराचा मानाचा नारळ पुकारला जातो. एक घर तलवारीचं. तलवार गंजून म्यानाला अशी चिकटली आहे की आता ती म्यानासकट काठी म्हणून वापरावी लागेल, पण तलवारीचा नारळ चुकत नाही. एक घर अबदागिरीचं. अबदागिरीचं कापड उंदरांनी कधीच खाल्लं, दांडा राहिला, नारळ दांड्याला. आणि एक घर नुसतं खांबाचं. त्या घरच्या कर्त्याने सभामंडपातल्या एका खांबाला टेकून उभं राहायचं. कशासाठी ते कोणाला ठाऊक नाही. नारळ त्यालाही.

आमच्या घराचा नारळ नव्हता. आजोबा दुसऱ्या गावातून येऊन स्थायिक झालेले, म्हणून आम्ही उपरे. मी जन्मलो इथे, वडील जन्मले इथे, तरी उपरे. वडील दर जत्रेला मांडवाचे बांबू वाहायचे, अंगण सारवून घ्यायचे, आणि नारळ पुकारायची वेळ आली की सर्वांत मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. घरी येताना आईला सांगायचे, "यंदा पंचवीसेक नारळ झाले असतीत." दुसऱ्यांचे नारळ मोजणारा माणूस मी पाहिलेला तो एकच.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मालवणच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चांगलं चालू लागलं होतं. शिकलो होतो उघडलेल्या रेडिओंवर, आणि ज्यांनी शिकवायला नकार दिला त्यांच्या खांद्यावरून वाकून बघून. त्या वेळी मुंबईत मायक्रोकंट्रोलर नावाची चाळीस पायांची चिप मिळू लागली होती. आत एकदा प्रोग्राम भरला की ती एकटी कारभार बघते: कुठला दिवा कधी लावायचा, कधी विझवायचा. मी घासाघीस करून अशा दोन आणल्या. दुकानदार म्हणाला, दोन कशाला? मी म्हटलं, एक जळण्यासाठी. विनोद केला होता.

देवस्थान कमिटीला जत्रेसाठी दीपमाळेवर धावते दिवे हवे होते. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सगळा गाव त्यांना काका म्हणतो. तेच माझ्या दुकानात आले.

"तू करतलस काय?"

"करतंय. सामानाचे पैसे द्या."

"आणि मजुरी?"

"मजुरी नको. माका नारळ होयो."

"कसलो नारळ?"

"आमच्या घराचो. पुकारून."

काका स्टुलावरून उठून पुन्हा बसले. "अरे, पण तुमचा घर खंयच्या मानात बसता?"

"बसणा नाय म्हणानच सांगतंय."

संध्याकाळपर्यंत आमची ओढाताण चालली. काका म्हणाले प्रसादाचा नारळ घे, मी म्हटलं तो बाजारात मिळतो. म्हणाले पाटीवर तुझं नाव रंगवू, मी म्हटलं पाटी पावसात धुऊन जाते. शेवटी ठरलं: दिवे जत्रेत नीट चालले तर पालखी निघण्याआधी आमच्या घराचा नारळ पुकारायचा. हे मी वडिलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मालवणला येऊन नवं धोतर घेऊन गेले.

मी पेटी बनवली. पत्र्याची, निळ्या रंगाची. दिवे सांभाळणारे भाग फार तापतात, म्हणून आत वारा हवा होता. बांद्याच्या बाजारात गोव्याकडून आलेलं जहाजाचं भंगार असायचं, त्यातून बारा व्होल्टचा एक पंखा काढला. दणकट, पितळी, आवाज असा की गणपतीत आरतीला घेता आला असता. पेटी तापली की चिपने पंखा लावायचा, निवली की बंद करायचा.

आता इथे वाचकाने जरा धीर धरावा, कारण सगळं भांडण याच जागेवर झालं. चिपचा पाय म्हणजे दोऱ्यासारखा नाजूक. तो स्वतः पंखा ओढू शकत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालतात. चिपने इशारा करायचा, ओझं ट्रान्झिस्टरने उचलायचं. पण पंख्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि धावता पंखा बंद करताच ती गुंडाळी एक जोराचा झटका परत मारते. तो झटका ट्रान्झिस्टरला फोडतो, आणि ट्रान्झिस्टर फुटला की पंख्याचे बारा व्होल्ट मागच्या दाराने चिपच्या पायात शिरतात. पाच व्होल्टवर जगणारी चिप बारा व्होल्टांनी मरते. हे होऊ नये म्हणून पंख्याच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा जोडतात. उलटा, म्हणजे एरवी त्याच्यातून काही वाहत नाही. झटका आला की त्यालाच तेवढी वाट मिळते, आणि तो गुंडाळीतल्या गुंडाळीत फिरून विरतो. जहाजाचा पंखा म्हणून मी डायोडही दांडगा घातला होता, शेंगदाण्याएवढा.

कमिटीने पेटी तपासायला घेतली. काकांनी झाकण काढायला लावलं. चिपला बघून सगळ्यांनी "गोम, गोम" केलं. मग काकांचं बोट डायोडवर थांबलं.

"ह्यो काळो कोण?"

"डायोड."

"काय करता?"

"पंखो फिरता तेव्हा काय नाय."

"आणि पंखो बंद आसता तेव्हा?"

"तेव्हाय काय नाय."

"मगे करता कधी?"

"फिरतो पंखो बंद होता ना, त्या टायमाक." मी समजावून सांगायला गेलो, हीच माझी खोड. "काकानू, यष्टीन अचानक ब्रेक मारल्यान तर उभी माणसा खंय पडतत?"

"डायवराच्या मानेर."

"तसाच. पंख्यातली वीज धावती आसता. बंद केल्यार ती थांबणा नाय, ह्या गोमीच्या अंगार येता. ह्यो तिका धरून ठेवता."

काका म्हणाले, "मी यष्टीत कधी उभो रवलंय नाय. माझी शीट रिझर्व आसता."

कमिटी हसली. खांबाच्या घरचा माणूस सर्वांत जास्त हसला. जन्मभर खांबाला टेकलेला माणूस माझ्या डायोडला म्हणतो, "मेल्याक कामच नाय!"

देवळाची वस्तू म्हणून पेटी काकांच्या घरी ठेवली गेली. त्यानंतर काही दिवसांनी काका दुकानात आले. त्यांच्या रेडिओला सेल लागू नयेत म्हणून एलिमिनेटर होता, म्हणजे घरची वीज रेडिओला झेपेल अशी करून देणारी डबी. ती बंद पडली होती. मी उघडून बघितली, आतला डायोड गेला होता. नवीन घालतो म्हटलं, तर काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"पार्ट माझ्याकडे आसा. तू फक्त डाग दी."

पुडीत दांडगा डायोड, पाय तोडलेले. मी म्हटलं, "एवढो जाडो रेडिओक कित्याक, काकानू?"

"आमच्या घरात बारीक काय चलणा नाय."

"गावलो खंय?"

"मुंबैसून. व्हयणीच्या भावान धाडल्यान."

मी कथील वितळवून डाग दिला. मजुरीवरून काकांनी इतकी हुज्जत घातली की डायोडकडे नीट बघायला मला उसंतच मिळाली नाही. आता लोक मला म्हणतात, तुला तेव्हाच कळायला हवं होतं. का? त्यांच्या वहिनीला भाऊ आहे, तो मुंबईत आहे, मुंबईत डायोड मिळतात. मी काय ज्योतिषी आहे?

जत्रेच्या संध्याकाळी वडील नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यांना तिथून उठवायला दोघंजण आले होते, मी नुसतं बघितलं तशी ते दोघं परत गेले. दिवेलागणीला मी कळ दाबली. दीपमाळेवर दिवे खालून वर धावले, वरून खाली आले, मध्येच गोल फिरले. पोरीबाळी ओरडल्या. तलवारवाला म्हातारा मला म्हणाला, "झिला, देवान डोळे दिल्यान त्येचा आज चीज झाला." मी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. पुजाऱ्याच्या पुढ्यात नारळांची रास होती, त्यात एक आमचा होता.

पेटी ठेवली होती देवळाच्या कोठीच्या खोलीत, समयांच्या आणि पेट्रोमॅक्सच्या शेजारी. तिथे भट्टीसारखं उकडत होतं. पंखा घरघरत सुरू व्हायचा, पेटी जरा निवली की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मला तो आवाज गोड वाटत होता. गाऱ्हाण्याला सुरुवात झाली, तलवारीचा नारळ झाला, अबदागिरीचा झाला. पंखा थांबला. आणि त्याच्याबरोबर दीपमाळही.

सगळे दिवे एकदम गेले. लोक आधी हसले, मग माझ्याकडे बघू लागले. मी कोठीत धावलो, कळ दाबली, पेटीवर थापा मारल्या. चिप गरम होती आणि मेलेली होती. बाहेर आलो तर काकांनी पुजाऱ्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं होतं आणि पुजारी गाऱ्हाण्यात नवीन वाक्य घालत होता:

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, नको त्या मानाची हाव धरली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

त्यात वडिलांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सवयीने. जन्मभराची सवय. वाक्य कोणाबद्दल आहे हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं असावं, कारण ते उठले, उपरणं झाडलं आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. आमचा नारळ रास मोडताना कोणाच्या तरी पिशवीत गेला.

सकाळी दुकानात पेटी उघडली. ट्रान्झिस्टर पहिले काही झटके सोसून शेवटी फुटलेला. पंख्याच्या जोडाशी, जिथे डायोड असायला हवा, तिथे तारेचे दोन खुंट. पक्कडीने तोडलेली तार टोकाला धारदार राहते. हे खुंट चेपलेले होते, सुपारीसारखे. अडकित्त्याने तोडलेले. आमच्या गावात पान खाणारे पुष्कळ आहेत, पण देवळाची पेटी ज्याच्या घरी होती आणि ज्याच्या एलिमिनेटरमध्ये दांडगा डायोड होता, असा एकच.

तसाच सायकलवर बसून काकांच्या घरी गेलो. काका पडवीत आरामखुर्चीवर, समोर पानाचा डबा, त्यात तो अडकित्ता, आणि रेडिओवर बातम्या लागलेल्या.

"काकानू, बातम्यो बऱ्यो आयकाक येतत?"

"हल्ली स्वच्छ येतत."

"येतल्योच. माझो डायोड आसा आत."

काकांनी रेडिओ बंद केला नाही, जरा मोठा केला. "तुझो कसो? पेटी देवाची. म्हणजे डायोड देवाचो."

"मगे देवाचो डायोड तुमच्या रेडिओत काय करता?"

"अरे, थय नुसतो बसान होतो. मिया काढलंय, पेटी आठ दीस पडवीत चलवून बगितलंय. मस्त चालली. तूच सांगितलंस ना, काय करणा नाय म्हणान?"

पडवीत समुद्राचा वारा सुटलेला असतो. तिथे पंखा लागायचं कारणच काय, आणि जो लागला नाही तो बंद व्हायचा कुठून? हे मी त्यांना ओरडून सांगितलं. ओरडून सांगितल्यामुळे शेजारची दोन घरं पडवीच्या पायऱ्यांशी जमा झाली.

"नुसतो बसान आसा म्हणान काढूचा, तर तलवारवाल्याक काढा!" मी म्हटलं. "अबदागिरीवाल्याक काढा! त्या खांबवाल्याक काढून बगा, देऊळ पडता काय!"

"तो मान आसा," काका शांतपणे म्हणाले.

"आणि ह्यो?"

"ह्यो पार्ट आसा."

मी म्हटलं, "गावात सांगतंय सगळा."

"सांग ना. डायोड कोणाक कळता?"

मी सांगून बघितलं. न्हाव्याकडे सांगितलं, चहाच्या हॉटेलात सांगितलं, होडीवर सांगितलं. प्रत्येक जण सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "पण तो एरवी काय करता?" काकांना चोर ठरवायचं तर आधी गावाला वीज शिकवायला हवी होती. एवढी शाळा काढण्यापेक्षा मी परत तडजोडीला बसलो.

तडजोड अशी: मी पेटी फुकट दुरुस्त करायची. "पुढच्या जत्रेक पेटयेचो नारळ पुकारतंव," काका चार माणसांसमोर म्हणाले. मी म्हटलं, "पुकारा." बाजारात आयुष्य घालवलेला मी, फणस ठोकून घेणारा, सुरमईचे कल्ले उचलून बघणारा, पण तो शब्द ठोकून घेतला नाही.

दुसरी चिप बसवली. या वेळी चिप आणि पंखा यांच्यात तांब्याचा संबंधच ठेवला नाही. मध्ये एक असा भाग घातला की चिपने आत छोटा उजेड करायचा आणि पलीकडच्याने तो बघून पंखा लावायचा. पलीकडे आग लागली तरी अलीकडे धूर येऊ नये. नवीन डायोड जोडला. आणि मग, गावाची नस ओळखून, त्याच्यावर लाख वितळवून ओतली, लाखेचा चांगला लिंबाएवढा गोळा केला आणि गोळ्यावर कुंकू लावलं.

कमिटीसमोर झाकण उघडून सांगितलं, "ह्यो पेटयेचो मानकरी. ह्येका हात लावचो नाय."

कोणी हसलं नाही. काय करतो, असं कोणी विचारलंही नाही. खांबवाल्याने तेवढं विचारलं, "ह्येचा तोंड खंयच्या बाजूक?" डायोडला एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. मी म्हटलं, "देवाच्या." त्याने हात जोडले. त्या दिवसापासून त्या गोळ्याला कोणाचं नख लागलं नाही.

पुढच्या जत्रेला पंखा उकाड्यात फिरत राहिला, थांबत राहिला, आणि दीपमाळ एकदाही डगमगली नाही. वडील तेच धोतर नेसून, पण मागे, उभे होते. मी त्यांना हाताला धरून पुढे आणलं. तलवारीचा झाला, अबदागिरीचा झाला, खांबाचा झाला. मग पुजारी ओरडला, "पेटयेचो नारळ!"

वडिलांनी उपरण्याची ओंजळ केली आणि पाऊल टाकलं. त्यांच्या आधी काकांचा थोरला मुलगा पुढे गेला, नारळ घेतला, कपाळाला लावला आणि जाऊन काकांच्या मांडीवर ठेवला.

मी काकांवर धावून गेलो. मला चार जणांनी धरलं. काका अशा वेळी कचेरीतली मराठी बोलतात. "मान वस्तूचा असतो," ते म्हणाले. "तलवार ज्याच्या घरी, नारळ त्याच्या घरी. पेटी माझ्या घरी असते. देवस्थानची रीत मी बदलू शकत नाही. दिलेला शब्द मात्र आम्ही पाळलेला आहे. नारळ पुकारला."

वडिलांनी ओंजळ सोडून उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं. घरी जाऊन आईला म्हणाले, "यंदा एक नारळ वाढलो."

तेही गेले, आई गेली. पेटी तर त्याआधीच गेली. मी दुरुस्तीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं आणि दुसऱ्या कोणाला ती कळत नव्हती. आता दीपमाळेवर बाजारातल्या तयार माळा लावतात. पण जत्रेच्या दिवशी काकांच्या घरून ती निळी पेटी पाटावर बसवून, झाकण काढून वाजतगाजत देवळात आणतात. आत गोम मेलेली, पंखा गंजलेला, आणि मधोमध लाखेच्या गोळ्यावर ताजं कुंकू आणि जास्वंदीचं फूल. काका गेले, त्यांचा थोरला नारळ घेतो. नवीन पोरांना वाटतं हा मान जुना आहे, शिवकालाच्या आसपासचा.

मी दर वर्षी जातो. पहिल्या रांगेत बसतो. तिथून मला उठवायची अजून कोणाची छाती नाही. पुजारी गाऱ्हाणं घालतो, बा देवा म्हाराजा, ह्या पेटयेच्या मानकऱ्याक सुखी ठेव, आणि सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघतो. मग मी दात चावून, पण सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणतो, "व्हय म्हाराजा!" माझ्या डायोडसाठी म्हणतो. थोरल्याने ते स्वतःसाठी समजून दर वर्षी माझ्याकडे बघून मान लववावी, हेही मी सोसतो.